तिथी ठरवून येणारा अतिथी

मराठीत घरी येणाऱ्या परक्या माणसासाठी दोन शब्द रूढ आहेत, अतिथी आणि पाहुणा. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी पहिल्याची पारंपरिक फोड आपण शाळेपासून ऐकत आलो. भाषाशास्त्र मात्र त्याचा संबंध ‘अत्’ म्हणजे हिंडणे या धातूशी जोडते. दुसरा शब्द संस्कृत ‘प्राघुण’पासून प्राकृतातून आला, आणि त्याच्याही मुळाशी फिरणे आहे. म्हणजे दोन्ही शब्दांत वाट चालून दमलेला माणूस दडलेला आहे. त्याला भाकरी हवी, पाणी हवे, रात्रीपुरते छप्पर हवे. त्याला देव मानण्याचे जे वचन तैत्तिरीय उपनिषदात आहे, ते या गरजू माणसाविषयी आहे. पुढे तेच वचन पर्यटन खात्याच्या जाहिरातीत गेले, आणि त्यातला अतिथी कधी ग्राहक झाला हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

आज कृषी पर्यटन केंद्रावर जाणारा अतिथी दमलेला असतो, पण चालून नव्हे. तो तिथी ठरवून येतो, आगाऊ रक्कम भरून येतो, आणि जेवणात काय काय आहे हे आधीच विचारून घेतो. या व्यवहाराबद्दल आमच्यासारख्या साहित्याच्या शिक्षकांची एक ठरलेली प्रतिक्रिया असते: पाहुणचाराचाही बाजार झाला! आम्ही दोघेही वर्षानुवर्षे वर्गात आणि चर्चासत्रांत हेच म्हणत आलो. गेल्या जानेवारीत आलेल्या एका अनुभवानंतर ते तितक्या सहजपणे म्हणवत नाही. हे टिपण त्याविषयी आहे.

द्वितीय वर्ष कला शाखेच्या अडतीस विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही सोलापूर जिल्ह्यात, सीना नदीच्या काठापासून जवळच असलेल्या एका शेतावर गेलो होतो. ग्रामीण साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना एक दिवस शिवारात घालवावा, असा हेतू. दिवस हुरड्याचे होते. शेत एका कुटुंबाचे: म्हातारे आई-वडील, मुलगा, सून, दोन नातवंडे. माणशी दर ठरलेला, विद्यार्थ्यांना सवलत. फाटकाशी एक फलक होता आणि त्यावर ‘साध्या सुखांचा एक दिवस’ असे रंगवले होते.

हुरडा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना त्याचे वर्णन नको असते आणि ज्यांनी खाल्लेला नाही त्यांना ते पुरत नाही. तरी दोन शब्द लिहायलाच हवेत. भादव्याच्या अखेरीपासून पेरलेली रब्बी ज्वारी थंडीत दाण्यावर येते. दाण्यातले दूध आटून तो भरू लागतो, पण अजून कडक झालेला नसतो, तेव्हाचे मोजकेच दिवस हुरड्याचे. भाकरीची मालदांडी वेगळी आणि हुरड्याची गूळभेंडी किंवा सुरती वेगळी. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, ती आगटी. धग उतरून निखारा राहिला की त्यात कणसे खोचायची, फिरवायची, आणि हाताला चटका बसत असतानाच तळव्यावर चोळून दाणे मोकळे करायचे. फुंकर घातली की कोंडा उडतो आणि हिरवट, मऊ, किंचित गोड दाणा उरतो. सोबत लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरे. चोळणाऱ्याचे तळवे काळे होतात आणि खाणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. त्या दिवशी आम्ही खाणारे होतो, आणि हा भेद तेव्हा आम्हांला दिसला नव्हता.

पाहुण्यांचा हंगाम लांबावा म्हणून त्या कुटुंबाने ज्वारी टप्प्याटप्प्याने पेरली होती. एक पट्टा संपतो तोवर दुसरा हुरड्यावर यावा असा हिशेब. बैलजोडी ठेवली होती, पण नांगरट ट्रॅक्टरची होती. बैल गाडीच्या फेऱ्यांपुरते. विहिरीवर एक जुनी मोट दुरुस्त करून बसवली होती. म्हाताऱ्या आजोबांनी ती हाणून दाखवली, चामड्याची मोट भरून वर आली, पाणी थारोळ्यात पडले, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. ते पाणी पाटाने जाऊन पुन्हा विहिरीकडेच वळवले होते. शेताला पाणी द्यायचे काम पंप करीत होता.

त्या वेळी आमच्याजवळ उभी असलेली एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “सर, हे सगळं तर आमच्या घरी रोजच असतं. फक्त आमच्याकडं कुणी टाळ्या वाजवत नाही.”

ती कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. सहलीचे पैसे तिने दोन हप्त्यांत भरले होते. अडतीसपैकी निम्म्याहून अधिक मुले शेतकऱ्यांचीच, हे आम्हांला हजेरीपटावरून ठाऊक होते. तरीही शेत दाखवायला आम्ही त्यांना शेतावर घेऊन गेलो होतो. आम्ही ज्याला ‘अनुभव’ म्हणत होतो, ते ज्यांचे रोजचे जगणे होते, त्यांच्याकडूनच त्या अनुभवाचे पैसे आम्ही गोळा केले होते.

खेड्याच्या साध्या सुखांची स्तुती कोण करतो, हा प्रश्न साहित्यात फार जुना आहे. रोमन कवी होरेस याची, इ. स. पू. 30च्या सुमाराची, एक कविता आहे. तिच्यात वडिलोपार्जित रान नांगरणाऱ्या, कर्जापासून मुक्त असलेल्या शेतकऱ्याचे सुख मोठ्या बहारीने वर्णिले आहे: झऱ्याकाठची झोप, घरचे जेवण, चूल पेटवून वाट पाहणारी पत्नी, संध्याकाळी गोठ्याकडे परतणारी जनावरे. अगदी शेवटच्या चार ओळींत उलगडा होतो की हे सारे बोलणारा आल्फियस नावाचा सावकार आहे. आता खेड्यात राहायला जायचेच असे ठरवून त्याने सगळी देणी वसूल केली, आणि महिना पालटायच्या आत तो पैसा पुन्हा व्याजाने लावायला गिऱ्हाइके शोधू लागला. गमतीची गोष्ट अशी की पुढे युरोपात ग्रामजीवनाच्या स्तुतीचा नमुना म्हणून ही कविता शतकानुशतके अनुकरली गेली आणि अनुकरण करताना तो सावकार अनेकांनी गाळून टाकला.

मराठीत तो गाळणे सोपे नव्हते. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या घराचे जे वर्णन केले, त्यात शिरून कुणाला साध्या सुखाचा फलक लावता येणार नाही. ‘बनगरवाडी’तला मास्तर गावाच्या प्रेमात पडतो, पण अखेरीस दुष्काळ त्या गावाला रिकामे करतो. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त शेतीच्या कामाला जुंपलेला मुलगा शिक्षणासाठी बापाशी झुंजतो. त्याला मोटेचे आकर्षण वाटण्याची सोय नव्हती. तेव्हा आम्ही हे साहित्य वर्गात शिकवतो आणि सहलीला मात्र आल्फियसच्या शेतावर जातो, ही विसंगती आमची आहे. त्या कुटुंबाची नव्हे.

आता नेहमीचा आक्षेप पाहू. पैसा आला की पाहुणचार संपतो, असे म्हणतात. हा आक्षेप घेणारा माणूस बहुधा पाहुणचार घेणाऱ्या बाजूचा असतो. फुकट पाहुणचार म्हणजे नेमके काय होते? अवेळी आलेल्या माणसासाठी पुरुषाने ओसरीवरून आत हाक द्यायची आणि आतल्या बाईने पुन्हा चूल पेटवायची. औदार्य ओसरीचे आणि श्रम स्वयंपाकघराचे. कीर्ती घराण्याची व्हायची, आणि पीठ कमी पडले तर उपाशी निजायची ती बाई. या व्यवस्थेत पैसा नव्हता हे खरे, पण किंमत होती. ती कोण मोजत होते एवढेच कुणी लिहून ठेवले नाही.

शिवाय पैसा आणि पाहुणचार यांचे आपल्याकडे कधी हाडवैरही नव्हते. निघताना पाहुण्याने पोरांच्या हातावर खाऊला पैसे ठेवायचे, घरातल्या सवाशिणीची ओटी भरली जायची, लग्नाकार्यात आहेराची यादी वहीत टिपून ठेवली जायची. पैसा होता, पण तो सौजन्याच्या पदराखाली झाकलेला होता.

ही मीमांसा आम्ही आज करतो आहोत. त्या दिवशी सुचलेली नव्हती. ती सुचली पुढच्या प्रसंगामुळे.

पाच वाजता बाकीचे पाहुणे गेले. आमच्या गाडीचा पट्टा तुटल्याचे निघताना कळले. चालक दुचाकीवरून तालुक्याला गेला, आणि तो नवा पट्टा घेऊन येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. अंधार पडला, थंडी वाढली. मुले आगटीभोवती गोळा झाली. सात वाजले तेव्हा आजी काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, “आता भाकरी खाऊनच जावा. लेकरं काय उपाशी जायची व्हय?” आम्ही म्हटले, आजी, चाळीस माणसे आहोत, जे काही होईल ते पैसे घ्या. त्या चक्क रागावल्या. “दिसाचं दिसाला. रातीच्या भाकरीचं कुठं पैसं घेत्यात?”

आम्ही गहिवरलो, हे कबूल केले पाहिजे. पैशाच्या पलीकडचे खेडे अखेर आम्हांला भेटले, असे वाटले. विषय ‘पाहुणचाराची संस्कृती’ आणि समारोप तयार.

आमच्यापैकी एकजण बाईमाणूस म्हणून सहज आत गेली. आत त्या घरची सून पिठाच्या डब्यापाशी बसली होती. सकाळी पाचपासून ती उभी होती. दिवसभरात तिने आणि रोजाने लावलेल्या दोन बायकांनी शंभरेक माणसांचा स्वयंपाक उरकला होता, आणि त्या बायका सहा वाजता घरी गेल्या होत्या. सासूबाईंनी शब्द दिला होता, भाकऱ्या मात्र तिला थापायच्या होत्या. ती काही बोलली नाही. मग आमच्या सात-आठ मुली आत आल्या, आणि चुलीपुढे सर्वांत आधी बसली ती तीच दुपारची विद्यार्थिनी. कुणी न सांगता तिने परात ओढली, कोमट पाण्यात पीठ मळले, आणि थापायला लागली. दुसरीने पिठले टाकले. आमची मुले बाहेर आगटीशी गाणी म्हणत होती. त्यांतल्या दोघांनी सरपण आणून दिले, एकाने पाणी भरले, इतकेच.

तास-दीड तासात जेवण झाले. जेवण उत्तम होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा, तव्याला लागलेले पिठले, कांदा, ठेचा. थंडीच्या रात्री याहून मोठे सुख सुचत नाही. पण त्या मुलीच्या हातांकडे आता आम्हांला पाहवत नव्हते. सुटीच्या दिवशी, पैसे भरून, ती घरी करते तेच काम करीत होती. मुलग्यांची सहल मात्र अबाधित होती.

आवराआवर चालू असताना आम्ही त्या वहिनींना म्हणालो, तुम्हांला फार त्रास झाला. त्यावर त्या जे बोलल्या ते शक्य तितके जसेच्या तसे देतो. “त्रास रोजचाच हाय, मॅडम. पन दिवसा जे करते ते वहीत लिहिलं जातं. किती ताटं झाली, किती पैसं आलं. आत्ताचं कुठं लिहायचं?”

त्या वहीबद्दल आम्ही विचारले तेव्हा ती त्यांनी आणून दाखवली. दोनशे पानी, शाळेची. तारीख, ताटे, रोजाच्या बायकांची मजुरी, किराणा, शिल्लक. अक्षर त्यांचे. लग्नाआधी बारावीपर्यंत शिकलेल्या. पंधरा वर्षांच्या संसारात आपण किती काम करतो हे पहिल्यांदा या वहीमुळे घरात सर्वांना दिसले, असे त्या म्हणाल्या. धाकट्या मुलीला तालुक्याच्या चांगल्या शाळेत घालायचे ठरले, तेव्हा त्यांनी नवऱ्यापुढे ही वही ठेवली होती.

निघताना आम्ही त्या लहान मुलीच्या हातावर पैसे ठेवले. आजींनी ते घेऊ दिले, कारण ते खाऊचे होते. सौजन्य जपले गेले. वहीत मात्र ते गेले नाहीत.

म्हणून आमचे आजचे मत असे आहे. पाहुणचाराला किंमत लावली जाणे ही दुर्घटना नाही. ज्या श्रमांना घरात कधी श्रम म्हटले गेले नाही, त्यांना निदान एक ओळ मिळते. 1990च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली आणि हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा काही हिस्सा स्वतःहून पत्नीच्या नावावर करून दिला. त्यामागचे तत्त्व हेच होते: जिच्या कष्टावर शेत चालते तिचे नाव कागदावर आले पाहिजे. कृषी पर्यटनात तर निम्म्याहून अधिक ‘माल’ स्वयंपाकघरातून येतो. महाराष्ट्र शासनाने 2020 साली कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले, पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी सुरू झाली. त्या नोंदणीच्या कागदावर घरातल्या बाईचे नाव आहे का, आणि पैसे जमा होतात त्या खात्यावर तिची सही चालते का, हे प्रश्न पाहुण्यांनी विचारायला हरकत नाही. आपण दुधाची शुद्धता विचारतोच ना?

दुसरा प्रश्न शेतीचा. इटलीने 1985 साली शेतावरील पर्यटनासाठी राष्ट्रीय कायदा केला आणि 2006 साली तो नव्याने केला. त्याचे मर्म एवढेच की पाहुण्यांची सरबराई शेतीशी जोडलेली असावी आणि शेती हेच मुख्य काम राहावे. ही अट कागदावर सोपी दिसते, पण तिच्यातच भलाबुरा फरक आहे. पाण्याने विहीर सोडून कुठेही न जाणारी मोट ही तो फरक दाखवणारी खूण आहे. ज्वारी टप्प्याने पेरणे ही शेतकऱ्याची हुशारी, ती शेतीतच मोडते. शेतातली हिरवळ केवळ छायाचित्रासाठी राखली जाऊ लागली की शेतकरी आपल्याच शेतात नट होतो. नटाचाही मान असतो, पण मग त्याला शेतकरी म्हणून भाव, पाणी आणि वीज मागण्याचा जो हक्क आहे तो हळूहळू झिजतो. ‘तुमचं बरं चाललंय की’ असे त्याला सहज ऐकवले जाते. त्या रात्री आम्ही जेवत असताना घरचा कर्ता हातात विजेरी घेऊन रानात निघाला होता. थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती आणि गव्हाला पाणी द्यायचे होते. साध्या सुखांच्या दिवसाची ही बाजू फलकावर नव्हती.

मग साधी सुखे खोटीच म्हणायची का? तसे म्हणणे हाही एक शहरी आळस होईल. गाडीची वाट पाहत थांबलो नसतो तर ते आम्हांला दिसले नसते. बाकीचे पाहुणे गेल्यावर, आजी जेवणाचे बोलायच्या आधी, अर्धा तास ते कुटुंब आगटीच्या दुसऱ्या बाजूला एकत्र बसले होते. दिवसभर इतरांसाठी कणसे चोळलेल्या त्या कर्त्याने शेवटची चार-पाच कणसे काढली, तळव्यावर चोळली, आणि पहिली मूठ वडिलांपुढे व दुसरी बायकोपुढे धरली. तिने त्याच्या काळ्या तळहातावरूनच दाणे उचलले. थोरला मुलगा आजोबांना मोट हाणताना त्यांची टोपी पडली त्यावरून चिडवत होता आणि ते हसत होते. कुणी आमच्याकडे पाहत नव्हते. हे सुख साधे होते आणि त्याचा दर ठरलेला नव्हता, कारण ते आमच्यासाठी नव्हतेच. आमच्या थांबण्यामुळे ते अर्ध्या तासात संपले, हेही नोंदवायला हवे.

पाहुण्याला यजमानाच्या घरातले सगळे मिळाले पाहिजे, असे नाही. किंमत मोजून आलेल्याने तर हे आधी समजून घ्यावे. ठरल्या वेळेला फाटक बंद करण्याची मुभा ज्या घराला आहे, तेच घर खुल्या मनाने ते उघडू शकते. आजींच्या औदार्याचा आम्ही अनादर करीत नाही. त्यांच्या पिढीने त्याच औदार्यावर दुष्काळ काढले. परंतु ते औदार्य आता सुनेच्या कमरेवर उभे राहू नये, इतके म्हणायला साहित्याचा अभ्यास आड येऊ नये.

परतल्यावर त्या विद्यार्थिनीने सहलीचा अहवाल लिहिला. त्यात हुरडा नव्हता, बैलगाडी नव्हती. त्या वहीचे वर्णन होते, रकान्यांसह. अखेरीस एक वाक्य होते की तिने आईसाठी तशीच एक वही आणली आहे, पण तिच्यात पैशांचा रकाना रिकामा राहतो. आम्ही त्या अहवालाला गुण दिले, शेरा काय लिहावा ते सुचले नाही.

येत्या हंगामात आम्ही पुन्हा जाणार आहोत. तिथी ठरवूनच जाऊ. शेतकऱ्यांच्या मुलांकडून या वेळी सहलीचे पैसे घेणार नाही. ते कसे उभे करायचे यावर विभागात चर्चा चालू आहे. मुलग्यांना भाकरी थापायला बसवू. रात्री थांबायची वेळ आलीच तर त्या भाकरीचेही पैसे देऊ, आजी रागावल्या तरी, आणि वहिनींना ते वहीत लिहायला सांगू.